पुलाखालचा सुतार

थोरला सुतार गेला आणि त्याच सकाळी पाऊस थांबला. लोक म्हणाले, बघा, जाता जाताही म्हाताऱ्यानं चार माणसांची सोय केली. त्याचा जन्मच त्यात गेला होता. कुणाचं दार फुगून बसलं, कुणाची खाट कुरकुरायला लागली, की हा वाकस खांद्यावर टाकून हजर. डोळे मंदावले तेव्हा त्यानं ‘आता काम बंद’ म्हणून गावभर सांगितलं, पण काम काही बंद झालं नाही. आधी तो लोकांच्या घरी जायचा, आता लोक मोडकी स्टुलं घेऊन त्याच्या घरी यायला लागले, एवढाच काय तो फरक.

घराला लागून कामाची पडवी होती. तिथे त्याला त्याच्याच कामाच्या फळीवर निजवला होता. “याच फळीवरून न्यायचं,” असं त्याच्या बायकोनं सांगितलं. न्यायचं होतं ओढ्यापलीकडच्या माळावर. गावातलं प्रत्येक माणूस शेवटी तिथेच जायचं. ओढा अजून तांबडाच वाहत होता. खालची दगडी वाट पाण्यात होती, वळशाचा रस्ता खचला होता. राहता राहिला तो लाकडी पूल.

सुनेनं चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ती या घरात आली तेव्हा तिच्यामागं वडील नव्हते. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यानं कुणाला न विचारता स्वयंपाकघरातलं फडताळ भिंतीवरून काढलं आणि हातभर खाली बसवलं. “पोरगी बुटकी आहे,” तो बायकोला म्हणाला, “टाचा उंचावून उंचावून तिच्या पोटऱ्या भरून येतील.” त्या फडताळावरचे कप ती आता एकेक करून काढत होती आणि प्रत्येक कपागणिक तिला हुंदका येत होता.

ती चहा घेऊन अंगणात गेली तेव्हा म्हाताऱ्याच्या आठवणी रंगल्या होत्या. आठवणीच त्या, रडता रडता माणसं हसतही होती. चक्कीवाला सांगत होता, “माझ्या चक्कीचं दार बसवलं. सगळं झालं आणि हातोडी माझ्या हातात दिली. म्हणाला, शेवटचा घाव तू घाल. मी घातला. खिळा वाकला आणि अंगठा सुजला. तर म्हणतो कसा, हां, आता हे दार तुझं झालं.”

ही त्याची जुनी खोड होती. काम ज्याचं, शेवटचा घाव त्याचा. पाळणा केला की मोगरी आईच्या हातात द्यायची. पेटी केली की जिची पेटी तिच्या हातात. त्या जड लाकडी मोगरीनं गावातल्या निम्म्या माणसांनी एकेकदा तरी ठोका घातला होता. देताना तो काही बोलायचा नाही. मोगरी हातात द्यायची आणि पाठ फिरवायची. दुसऱ्याच्या घावाकडं बघायचं नसतं, म्हणायचा.

“आणि पुलाचा घाव?” चक्कीवाल्यानं मुलाला विचारलं. “पूल तर गावाचा. तिथं मोगरी कुणाच्या हातात दिली? माझ्या तर नाही दिली बुवा.”

मुलगा, म्हणजे गावाचा धाकटा सुतार, खांबाला टेकून बसला होता. रात्रभरात त्याचे गाल आत गेले होते. तो म्हणाला, “पुलाचा दादांनी स्वतःच घातला. माझ्या डोळ्यांदेखत... म्हणजे मी वर होतो, ते खाली सांध्यापाशी. मला उतरू दिलं नाही. मग वर आले, मोगरी माझ्या हातात दिली. आभाळ भरून आलं होतं. मी मोगरी पिशवीत टाकली आणि आम्ही दोघं पळत घरी आलो. ते त्यांचं शेवटचं काम.”

सुनेच्या हातातला चहा बशीत सांडला.

कुणाचं लक्ष गेलं नाही. ती तशीच वळली, आत आली, कप ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिली. तापात पडल्यावर सासरा तिला जे म्हणाला होता ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. ती त्याच्या कपाळावर ओली घडी ठेवत होती आणि तो डोळे मिटून हसत होता. म्हणाला होता, “पोरी, पुलाचा शेवटचा घाव मी नाही घातला. मी वर आलो आणि मोगरी तुझ्या नवऱ्याच्या हातात दिली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. आता कामं त्याची. घातला असेल बघ त्यानं, झकास.” तिला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं. नवऱ्याला सांगायचं म्हणून तिनं मनात ठेवलं, आणि मग ताप वाढत गेला आणि सांगायचं राहून गेलं.

बापाला वाटत होतं पोरानं घातला. पोराला वाटत होतं बापानं घातला. म्हणजे कुणीच नाही.

पुलाच्या लांब तुळया मधोमध, ओढ्यातल्या खांबावर जोडल्या होत्या. जुना सांधा कुजला म्हणून पावसाळ्याआधी म्हाताऱ्यानं तो नवा केला होता. सांधा आवळून धरते ती एक पाचर, खालून ठोकायची. ती नुसती बोटानं बसवलेली असेल तर? आणि आता त्यावरून फळीवरचे दादा, चार खांदेकरी, त्यातला एक तिचा नवरा, आणि मागं सगळा गाव एकदम जाणार. खाली ते पाणी.

असं कसं होईल, तिनं स्वतःला समजावलं. पावसाळाभर लोक येत-जात होतेच की. पण येत-जात होते ते एकेकटे. चिखलामुळं त्यावरून एकही गाडी गेली नव्हती. नव्या किंवा नव्यानं जोडलेल्या पुलावरून पहिली भरलेली गाडी जाते तेव्हा सुतार पुलाखाली उभा राहतो, अशी त्यांच्या धंद्यातली रीत होती. दादा कायम राहायचे. बरोबर सांध्याखाली, डोकं वर करून. आणि खालून ओरडायचे, “येऊ द्या!” मग गाडीवान बैल हाकायचा. पुलाचं काही वाकडं झालंच तर आधी सुताराच्या डोक्यात पडेल, ही हमी. या खेपेला पाऊस लागला, दादा अंथरुणाला खिळले, आणि पुलाखाली कुणीच उभं राहिलं नव्हतं.

तेवढ्यात अंगणात रडण्याचा कल्लोळ झाला. नणंद आली होती, पलीकडच्या गावाहून, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली. आईच्या गळ्यात पडली, भावाच्या पडली, मग वहिनीपाशी येऊन पाणी मागितलं. सुनेनं तांब्या देत विचारलं, “पुलावरून आलात?”

“मग काय उडून येऊ?” नणंद नाक पुसत म्हणाली. “वहिनी, काय सांगू, मधोमध पाय ठेवला आणि पूल बोटभर खाली बसल्यासारखा झाला. काळजात धस्स झालं. म्हटलं, दादांचा पूल आणि मी भिते? आपल्याच मनाचे खेळ. दादा गेल्याचं ऐकल्यापासून सगळंच हलतंय मला.”

सुनेनं तांब्या परत घेतला.

नवरा पडवीत एकटा सापडला. बापाच्या पायाशी फळीचा काठ रंध्यानं गुळगुळीत करत होता, खांदेकऱ्यांना टोचू नये म्हणून. शेजारीच बापाचं अंग, पांढऱ्या चादरीखाली. जिवंतपणी मोठा दिसायचा, आता फळी त्याला रुंद होत होती.

“अहो,” ती म्हणाली. “पुलाची पाचर.”

तिनं सगळं सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक निघाला की त्यानं दोनदा “काय?” केलं.

“तापात बोलले असतील,” तो म्हणाला.

“ताप तेव्हा एवढा नव्हता.”

“अगं, तुझं तुला कळतंय का? आज? गाव बाहेर बसलंय, त्यांच्या कामाची तारीफ करतंय, आणि मी जाऊन पुलाखाली वाकून बघू, दादांनी सांधा नीट केलाय का?” त्यानं रंधा खाली ठेवला. “आयुष्यात कधी त्यांचं काम तपासलं नाही मी. त्यांनी जोडलं म्हणजे जोडलं.”

“म्हणूनच तर,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांना विचारलं नाही, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. या घरात कोण कुणाला काय विचारतं?”

“पुरे.” तो रंध्याकडं वळला. रंधा दोनदा सरकला आणि थांबला. “पुरे म्हटलं ना. जा आता, आईजवळ बस.”

ती गेली नाही. पडवीच्या कोपऱ्यात, खुंटीला, पावसाळ्याआधीपासून तशीच टांगलेली कामाची पिशवी होती. नवऱ्याची पाठ होती तोवर तिनं मोगरी काढून शालीखाली घेतली. मोगरी इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

बाहेर माणसं उठायला लागली होती. ती मागच्या दारानं निघाली आणि चिखलातून ओढ्याकडं जवळजवळ पळतच सुटली. पळताना तिला दोन्ही बाजूंची भीती वाटत होती. पाचर ठोकलेली नसली तर काय, ही एक. आणि ठोकलेली असली तर काय, ही दुसरी. दादांच्या मयतीच्या दिवशी सून मोगरी घेऊन पुलाखाली शिरली, हे गाव जन्मभर चघळेल. नवरा तोंड बघणार नाही. तरी ठोकलेलीच असू दे, ती पुटपुटत होती, माझं हसं होऊ दे, पण ठोकलेली असू दे.

उतारावरून ती घसरतच पाण्यापाशी आली. पाणी वरून दिसतं त्याहून जोरात होतं. पुलाच्या आडव्या लाकडांना धरत धरत ती आत शिरली. गुडघा, मांडी, कंबर. पायाखालचे दगड निसटत होते. मधल्या खांबापाशी पोचली तेव्हा दात वाजत होते. तिनं खांबाला मिठी मारली आणि वर पाहिलं.

पाचर होती. पण पार बाहेर लोंबत होती. आत गेली होती ती जेमतेम टोकानं, पावसानं फुगल्यामुळं कशीबशी अडकलेली. सांध्याच्या दोन लाकडांत बोट जाईल एवढी फट होती आणि फटीतून वरचं आभाळ दिसत होतं. तिनं टाचा उंचावून पाचरीला बोट लावलं. पाचर हलली.

तिच्या तोंडून आवाजच फुटेना. वर, गावाकडून, पावलांचा आणि रडण्याचा आवाज जवळ येत होता.

तिनं मोगरी उचलली. फडताळ खाली घेणारा माणूस वर फळीवर होता आणि इथं तिचा हात पुरत नव्हता. टाचा उंचावल्या तर पाणी पाय ओढून नेत होतं. एका हातानं खांब धरून तिनं दुसऱ्या हातानं जमेल तसा एक ठोका घातला.

ठक्.

मोगरी पाचरीला तिरकी लागली. पाचर आत जायच्या ऐवजी आणखी हलली. पण तो आवाज पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, आणि वरची पावलं जागच्या जागी थांबली. तो ठोका गावात कोण ओळखत नव्हतं? ज्याचा ठोका, तो तर त्यांच्या खांद्यावर होता.

कुणीतरी किंचाळलं. चक्कीवाला उजव्या बाजूचा खांदेकरी होता. त्याचे गुडघे वाकले आणि फळी तिरकी झाली. त्याला धरायला दोघं धावले. पुढं तो शपथेवर सांगायचा, की पाय घसरला होता.

“थांबा!” ती खालून ओरडली. आता आवाज फुटला आणि फुटला तो रडण्यासारखाच. “पाय ठेवू नका कुणी! पाचर सुटलीय! अहो, पाचर सुटलीय!”

पुलाच्या तोंडाशी फळी खाली ठेवली गेली. मग काठावरून नवरा उतरताना दिसला, धोतराचा सोगा खोचत, चेहरा पांढराफटक. रागावलाय की काय, तिला कळेना. तो पाण्यातून तिच्यापर्यंत आला, खांबाला धरून वर पाहिलं.

“मोगरी मला दिली होती त्यांनी,” तो म्हणाला. “मला दिली, आणि मी पिशवीत टाकली.”

तिनं मोगरी पुढं केली. त्याच्या हातात घेण्याचं बळ नव्हतं, म्हणून तिनं त्याची बोटं दांड्याभोवती मिटली. वरून माणसं वाकून वाकून बघत होती. चक्कीवाल्याची भीती एव्हाना उतरली होती आणि जीभ परत आली होती. “म्हणजे सुतारानं काम अर्धंच टाकलं होतं म्हणायचं! आणि आम्ही पावसाळाभर त्यावरून?”

वर कुजबुज झाली. नवऱ्यानं मान वर केली.

“त्यांचं काम पुरं होतं,” तो मोठ्यानं म्हणाला. “शेवटचा घाव माझा होता. राहिला तो माझा राहिला. काय बोलायचं ते मला बोला.”

कुजबुज थांबली. त्यानं पाचर दोन बोटांनी सरळ केली, पाय दगडांत रोवले आणि मोगरी मागं नेली. पहिल्या ठोक्याला पाचर अर्धी गेली. दुसऱ्याला फट मिटली आणि आभाळ दिसेनासं झालं. तिसऱ्याला ठोक्याचा आवाजच बदलला, भरीव झाला. त्यानं हाताचा तळवा सांध्यावर फिरवला, बाप फिरवायचा तसा, आणि मगच तो रडला. पाण्यात उभा राहून, खांबाला कपाळ लावून, पोरासारखा रडला. सुनेनं त्याची पाठ धरून ठेवली. ओढा दोघांनाही ओढत होता.

“चला,” ती म्हणाली. “खांदा द्यायचाय ना तुम्हाला.”

“मी येत नाही.”

“काय?”

“पहिला भार जातोय,” तो म्हणाला. “मी खालीच थांबतो.”

तिला क्षणभर काही समजेना आणि समजलं तशी सकाळपासूनची सगळी भीती एकदम वर आली. “नको,” ती म्हणाली. “अहो, नको. ठोकलीय ना आता? बसली ना पक्की? मग वर या. पाणी वाढलं तर? लाकूड कुजकं असलं तर? दुसऱ्या कुणाला...”

“दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणाला? सुतार कोण आहे आता?”

तो तिला धरून काठापर्यंत घेऊन आला, आणि परत पाण्यात वळला. सांध्याखाली जाऊन उभा राहिला, डोकं वर करून.

ती वर आली तेव्हा ओल्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. फळीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यापाशी जागा रिकामी होती. माणसं एकमेकांकडं बघत होती, कोण धरणार म्हणून. सासू फळीजवळ बसली होती. तिनं सुनेकडं पाहिलं, ओढ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, “तू धर, पोरी. त्याची जागा आहे, तूच धर.”

“बुटकी आहे ती,” चक्कीवाला सवयीनं बोलून गेला. “फळी कलंडेल.”

“तर तू वाक जरा,” सासू म्हणाली. “त्यांनी दार बसवलं तेव्हा तुझ्या चौकटीला ते वाकले नव्हते का?”

चक्कीवाला वाकला. तिघंही वाकले. सुनेनं खांदा दिला. फळीचा काठ मानेला लागला, नवऱ्यानं सकाळी गुळगुळीत केलेला. दादा हलके झाले होते. पुलाच्या पहिल्या लाकडावर ती उभी राहिली. समोर ओल्या फळ्यांची वाट, मधे तो सांधा, आणि फळ्यांच्या फटींतून खाली एक काळं डोकं. त्या डोक्यावरूनच आता तिला चालत जायचं होतं. आपलंच पाऊल त्याच्यावर पडणार, असं तिच्या मनात येत होतं आणि पाऊल उचलवत नव्हतं. मागं सगळा गाव श्वास धरून उभा होता. कुणी ‘चल’ म्हणालं नाही. चल म्हणायचा हक्क वरच्या कुणाचा नव्हता.



मग खालून हाक आली. पहिल्यांदा आवाज चिरकला आणि अर्ध्यातच विरला. तिनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा आली ती स्वच्छ, मोठी, पलीकडच्या माळापर्यंत जाणारी.

“येऊ द्या!”

सासूनं आपल्या नवऱ्याच्या चादरीवरून हात फिरवला.

“ऐकलंत ना?” ती म्हणाली. “पोरगा बोलावतोय. चला आता.”

आणि सुनेनं पाऊल उचललं.